पोरीच्या हातात फोन देताना

आठवी ते बारावी शिकणारी पोरगी ज्यांच्या घरी आहे त्या आई-बापांसाठी, तिच्या मोठ्या भावासाठी, आश्रमशाळेतल्या अधीक्षिका बाईंसाठी आणि गावातल्या चार जाणत्या माणसांसाठी हे सांगते आहे. माझं आयुष्य वैनगंगेच्या दोन्ही काठांवर पोरी शिकवण्यात गेलं. अलीकडे सावली, मूल, सिंदेवाही. पलीकडे धानोरा, एटापल्ली. मी शिकवलेल्या पोरींच्या पोरी आता शाळेत आहेत. पूर्वी पोरीची शाळा सुटायची त्याची कारणं ठरलेली असत. रोवणीला हात कमी पडतात, धाकट्याला सांभाळायला कोणी नाही, पुढची शाळा नाल्यापलीकडे आहे. आता त्यात एक कारण वाढलं आहे. "तिच्याजवळ मोबाईल सापडला." एवढ्या एका वाक्यावर नववी-दहावीतल्या पोरीचं दप्तर कायमचं खुंटीला लागलेलं मी पाहिलं आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्या दारात मांडवही पाहिला आहे. म्हणून सगळ्यांत महत्त्वाचं ते आधी सांगते.

फोन पहिल्यांदा तिच्या हातात ठेवताना आईने आणि बापाने दोघांनी मिळून तिला तोंडाने सांगायचं: "यावर काही वाईट घडलं, कोणी घाण पाठवलं, धमकी दिली, तुझी स्वतःची चूक झाली, तरी आधी आम्हाला सांग. फोन हिसकावणार नाही, मारणार नाही, शाळा बंद करणार नाही." हे मनात असून भागत नाही, उच्चारावं लागतं. वेळ आली की पाळावंही लागतं. माझं बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, हे एवढं लक्षात ठेवा.

कारण असं आहे. पोरीला छळणारा माणूस बहुतेक वेळा सारख्याच वाटेने येतो. मुलीचं नाव लावून खोटं खातं उघडतो, मैत्री करतो, एखादा फोटो मागतो. कधी मागतही नाही. तिने लग्नाच्या हळदीचा फोटो स्टेटसला ठेवलेला असतो, तोच उचलून त्याची विटंबना करतो. मग म्हणतो, "तुझ्या बापाला पाठवीन." त्याची सगळी ताकद या एका वाक्यात असते. त्याला तिच्या घरातली भीती नेमकी ठाऊक असते. पहिला फोटो घरी कळू नये म्हणून पोरगी दुसरा देते, दुसरा कळू नये म्हणून पैसे देते किंवा बोलावेल तिथे जाते. ज्या घरी तिला आधीच सांगून ठेवलेलं असतं, तिथे हा खेळ पहिल्याच दिवशी मोडतो. ती संध्याकाळी चुलीजवळ आईला सांगते आणि त्या माणसाच्या हाती काही उरत नाही.

तिने सांगितल्यावर पुढे काय करायचं तेही ऐकून ठेवा, कारण त्या घडीला डोकं चालत नाही. घाईने काही पुसू नका. संदेश, नंबर, त्या खात्याचं नाव यांचे स्क्रीनशॉट घ्या आणि मगच त्याला ब्लॉक करा. पैसे देऊ नका. दिले की मागणी वाढते. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतवाहिनीवर फोन करा. जितका उशीर, तितकी ते परत मिळायची आशा कमी. लहान मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी फुकट आहे, साध्या बटनाच्या फोनवरूनही लागते. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर बाया-मुलांच्या अश्लील छायाचित्रांबद्दलची तक्रार नाव न देताही करता येते. फोटो इन्स्टाग्राम, फेसबुकवर टाकण्याची धमकी असेल तर 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सोय आहे, अठरा वर्षांच्या आतल्या मुलामुलींच्या फोटोंसाठी. तीत फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याची एक सांकेतिक खूण तयार होते आणि त्या खुणेवरून सहभागी कंपन्या तो फोटो ओळखून हटवतात.

पोलीस म्हटलं की आपल्याकडचा बाप मागे सरतो. नाव गावभर होईल, पोरीला ठाण्यात बसवतील, ही भीती मला समजते. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्याने यासाठी नियम घालून दिले आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि त्या वेळी अंगावर वर्दी नको. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. तिची ओळख उघड करायला मनाई आहे. हे नियम तुम्हाला माहीत आहेत असं समोरच्याला दिसलं की बोलण्याची रीत बदलते. सोबत आशाताई किंवा अंगणवाडीताई असली तर आणखी बरं.

आता फोन कोणाचा, हा प्रश्न. आपल्या बहुतेक घरांत तो बापाचा किंवा भावाचा असतो. शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या 'असर'ने २०२३ मध्ये २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत, १४ ते १८ वयाच्या खेड्यातल्या मुलामुलींची पाहणी केली. दहातल्या जवळपास नऊ जणांच्या घरी स्मार्टफोन होता आणि त्यांना तो वापरता येत होता. पण वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे शंभरात ४४ च्या आसपास आणि मुली २०. घर एकच, फोन एकच, पण पोराला तो हक्काने मिळतो आणि पोरीला मागावा लागतो. मागितलेला फोन कसा वापरला जातो ते मी पाहिलं आहे. ओसरीवर, चार डोळ्यांसमोर, एक कान दाराकडे ठेवून. बाईंनी गटावर टाकलेला अभ्यास भाऊ आधी वाचतो. तो फोन घेऊन वडसा-ब्रह्मपुरीला गेला की परीक्षेची सूचना त्याच्या खिशात गावभर फिरते आणि पोरीला ती दुसऱ्या दिवशी वर्गात कळते.

म्हणून वेळ बांधून द्या. रोज सायंकाळी जेवणाआधीचा एक तास फोन तिचा. त्या तासात बापाचा कॉल आला तर ती उचलून "नंतर करा" म्हणेल. नियम म्हणजे काही गोष्टी नाकारणं, असं आपण समजतो. तिला काय हक्काने मिळणार तेही नियमात यायला हवं. फोन एकच असेल तर भावाचा तासही तसाच ठरवा, त्याच्यापेक्षा तिचा कमी करू नका.

भावाबद्दल आणखी बोलायचं आहे, कारण इथे फार घरं चुकतात. बाप कामावर, मायला वाचता येत नाही, म्हणून "बहिणीच्या फोनवर लक्ष ठेव" हे काम सतरा-अठरा वर्षांच्या पोराला दिलं जातं. देऊ नका. त्या वयाच्या पोराला ही राखण दिली की तो बहिणीचा मालक होतो. तिच्या मैत्रिणींचे नंबर त्याच्याकडे जातात, मित्रांत चर्चा होते, आणि भांडण झालं की तोच फोन लपवून ठेवतो. शिवाय त्या फोनवर तो स्वतः काय पाहतो हे घरात कोणी विचारत नाही. त्याचं पाहून झालेलं बहिणीच्या समोर आपोआप उघडतं आणि बोलणी तिला बसतात. पोराला वळण लावायचं असेल तर त्याला बहिणीवर नेमू नका. त्याच्या स्वतःच्या फोनची वेळ ठरवा. पोरींचे फोटो फिरवणारे, खोटी खाती उघडणारे हात कोणाच्या तरी भावाचेच असतात.

लक्ष ठेवायचं काम मायचं, आणि त्यासाठी मायला फोन यायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ जणींनी सांगितलं की आपण स्वतः वापरतो असा फोन आपल्याजवळ आहे. म्हणजे जवळपास निम्म्या बाया अजून दुसऱ्याच्या फोनवर आहेत. आपल्या जंगलपट्ट्यात किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. यावर मला सापडलेला उपाय असा की शिकवणारी पोरगी आणि शिकणारी माय. आठवड्यातून दोनदा, जेवणं झाल्यावर, पोरीने मायला एक गोष्ट शिकवायची. नंबर साठवणं, आवाजी संदेश पाठवणं, फोटो उघडून पाहणं, आलेला अनोळखी कॉल बंद करणं. माय वाचत नसली तरी आवाजी संदेश तिला जमतो, आणि माडिया-गोंडीतही जमतो. शेजारच्या छत्तीसगडात 'सीजीनेट स्वर' या उपक्रमाने साध्या फोनवरून गोंडीत बातम्या आणि तक्रारी सांगायची वाट २०१० च्या सुमारास काढली. निरक्षर माणसं त्यावर बोलली. शिकवता शिकवता पोरगी आपण काय वापरते ते मायला दाखवत जाते. तिच्या झोपेत फोन उचकून पाहण्यापेक्षा मायला यातून जास्त कळतं आणि पोरीचा विश्वास जात नाही.

फोनच्या कुलपाचा नंबर मायला माहीत असावा का, असं मला विचारतात. पंधरा वर्षांपर्यंत असावा, आणि तो मायलाच, साऱ्या घराला नको. पुढे तिच्यावर सोडा.

मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट सांगते. ज्या घरात पोरीने फोन घेतला की "बिघडली" म्हणतात, त्याच घरात अर्ज भरायचा असला की फोन तिच्याच हातात दिला जातो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा माय-काकू-आजीचे अर्ज कितीतरी घरांत शाळकरी पोरींनी भरले. बापाचं रेशनकार्ड, पीकविमा, धान विक्रीची नोंदणी, बचत गटाचा हिशोब, सगळं ती करते. त्या वेळी तिच्यावर विश्वास असतो. एवढ्या कामाचा भार पेलणारी पोरगी आपल्या अभ्यासासाठी तासभर फोन मागते तेव्हाही तो विश्वास ठेवा.

आणि तिच्या स्वतःच्या अर्जांचं काय? इथे मोठ्यांचा हलगर्जीपणा पोरीचं वर्ष खातो. दूरसंचार खात्याच्या नियमाने अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावाने सिमकार्ड मिळत नाही. म्हणजे शाळकरी पोरीचा नंबर कायद्यानेच कोणा मोठ्याच्या नावावर असतो. तिच्या आधारला लागलेला नंबरही बापाचा, कधी मामाचा, कधी आधार काढून देणाऱ्या दुकानदाराचा. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो. तिथे ओटीपी लागतो, आणि तो जातो रिचार्ज न केल्याने बंद पडलेल्या नंबरावर, किंवा मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या बापाच्या फोनवर. पोरगी सेतू केंद्रासमोर बसून राहते, शेवटची तारीख निघून जाते. घरात म्हणतात, "तिच्या नशिबात नव्हतं." हे नशीब नव्हे, न बदललेला नंबर आहे.

तेव्हा हे करा. मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की आधारमध्ये तिचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावी लागते. त्याच फेरीत तिच्या आधारला असा नंबर लावून घ्या जो घरात राहतो आणि बंद पडणार नाही. मायचा असेल तर उत्तम. तो नंबर चालू राहील एवढा रिचार्ज विसरू नका. बराच काळ बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते आणि मग तिचा ओटीपी परक्याच्या हातात पडतो. तेंदूपत्त्याच्या दिवसांत संकलनाच्या फळीवर हिशोब झाला की आधी वर्षभराच्या या खर्चाचे पैसे बाजूला काढा. बाप बाहेरगावी कामाला जात असेल तर जुना नंबर घरी ठेवून जाईल आणि तिकडे दुसरा वापरेल. सेतूवाल्याला ओटीपी सांगायचा तर आपल्यासमोर, त्याच कामापुरता. फोनवरून ओटीपी विचारणाऱ्या कोणालाही, तो बँकेचं नाव सांगो की शाळेचं, सांगायचा नाही. हे पोरीला माहीत असतं. चुकतात मोठी माणसं.

नेट नसलेल्या गावांसाठी थोडं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं, वीज जाते, टॉवर बंद होतो, हे दर पावसाळ्याचं आहे. म्हणून रेंज असेल तेव्हा उतरवून ठेवायची सवय लावा. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. एकदा बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की पोरीला दहा मिनिटं द्या. वर्षाची पुस्तकं आणि जुन्या प्रश्नपत्रिका फोनमध्ये येतात, मग नेट लागत नाही. आणि गावात रेंज मिळणारी जागा कोणती ते बघा. बहुतेक गावांत ती पानठेल्याजवळ किंवा रस्त्याच्या वळणावर असते, जिथे पुरुष बसलेले असतात. पोरगी तिथे उभी राहिली की दुसऱ्या दिवशी गावात बोललं जातं, म्हणून ती जातच नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. खेड्यांतले पाचवीपासूनचे वर्ग सर्वत्र सुरू व्हायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. त्या दीड वर्षात पोरं टेकडीवर, झाडावर चढून वर्ग ऐकत होती. पोरी किती होत्या? मला फार थोड्या दिसल्या. सरपंचांना माझी विनंती आहे की ग्रामपंचायतीत किंवा शाळेत नेटची जोडणी आली असेल तर शाळेच्या ओसरीवर दोन तास पोरींसाठी ठेवा, आणि तिथे एखादी बाई बसू द्या.

वाटेवरचा फोन ही आपल्या भागाची वेगळी गरज आहे. नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल या बाजूला पोरी सायकलने जंगलातून शाळेला जातात. वाघाची भीती तिथे खरी आहे. मानव विकासची बस चुकली की पाच-सहा किलोमीटर चालणं येतं. अशा पोरीच्या दप्तरात साधा बटनाचा फोन असायलाच हवा. शाळेने तो वर्गात जमा करून घ्यावा, सुटताना परत द्यावा. "शाळेत मोबाईल बंदी" एवढंच लिहून मोकळं होऊ नये.

आणखी एक जागा आहे, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पाळीच्या दिवसांत कुर्माघरात बसणारी पोरगी. ही रीत जावी असं मला मनापासून वाटतं, आणि ज्या गावांनी ती सोडली त्यांना मी मान देते. पण जिथे अजून आहे तिथल्या मायांनो, तिच्याजवळ फोन ठेवा. तिने वस्तूंना शिवू नये म्हणून फोनही काढून घेतला जातो. पावसाळ्याच्या रात्री साप निघाला, रक्त जास्त गेलं, कोणी दाराशी आलं, तर ती कोणाला हाक मारेल? फोनमध्ये घरचा, आशाताईचा आणि १०८ रुग्णवाहिकेचा नंबर असू द्या. टॉर्चही होतो. देव रागावणार नाही.

आश्रमशाळेतल्या बाईंना आता सांगते. वसतिगृहात शंभर-दोनशे पोरींची जबाबदारी एका-दोघींवर असते, त्यामुळे फोन ठेवू न देण्यामागची तुमची अडचण मी जाणते. पण घरी बोलण्याचा वार ठरवा आणि तो चुकवू नका. रविवारी म्हटलं तर रविवारीच. माय-बाप मोहफूल वेचायला पहाटे निघतात, रोवणीत बांधीत असतात. त्यांची वेळ विचारून घ्या. पोरगी बोलत असताना दोन हात लांब राहा. ती माडियात बोलली तर बोलू द्या. मराठीत बोल म्हणू नका. "काय बोलत होतीस" असं विचारू नका. घरच्या माणसाशी पाच मिनिटं मोकळं बोलायला मिळणारी पोरगी चोरून आणलेल्या फोनकडे सहसा वळत नाही. आणि कोणाच्या पेटीत फोन सापडलाच तर प्रार्थनेच्या रांगेत तिचं नाव घेऊ नका. तिला एकटीला बोलवा, कोणी दिला ते हळू विचारा. देणाऱ्याचा हेतू काय आहे, हे कळणं फोन जप्त करण्यापेक्षा गरजेचं आहे.

पोरगी एखाद्या पोराशी बोलते, हे कळलं तर? इथे मी स्पष्ट बोलणार आहे. चौदा-सोळा वर्षांच्या वयात मन कोणाकडे ओढलं जाणं यात पाप नाही. आपल्या माडिया-गोंड समाजात गोटुलाची रीत होती. पोरं-पोरी एकत्र बसत, गाणी म्हणत, नाचत, आणि कोण कोणाबरोबर आहे हे साऱ्या गावाला दिसत असे. उघड होतं म्हणून त्यात वडीलधाऱ्यांचा आधार होता. फोनवर तेच लपून होतं, आणि धोका त्या लपण्यात आहे. तो पोरगा खरा कोण, कुठल्या गावाचा, किती वयाचा, हे तिलाही माहीत नसतं. म्हणून ओरडू नका, विचारा. कायदा काय म्हणतो तेही दोघांना सांगा. अठराच्या आत मुलीचा होकार कायदा धरत नाही, एकोणीस वर्षांचा पोरगा तुरुंगात जाऊ शकतो. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'तारुण्यभान' या शिबिरांतून वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीराबद्दल, नात्याबद्दल सरळ शब्दांत सांगायची वाट घालून दिली. घरात, शाळेत हे बोललं गेलं नाही तर पोरगी ते फोनवर शोधते, आणि फोनवर जे मिळतं ते बहुतेक घाणच असतं.

गाव म्हणून ठराव करायची टूम आता सगळीकडे आहे. गुजरातेतल्या मेहसाणा जिल्ह्यात सूरज नावाच्या गावाने २०१६ मध्ये लग्न न झालेल्या पोरींना मोबाईलची बंदी केली. पोरांना काही नाही. असा ठराव आपल्याकडे कोणी आणला तर त्याला विरोध करा. शेजारच्या यवतमाळात बान्सी ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये अठराच्या आतल्या सगळ्यांना बंदी घातली; मुलगा-मुलगी भेद केला नाही, हे बरं. पण लहानांना बंदी आणि मोठे तासन् तास मोबाईलवर, हे फार दिवस टिकत नाही. मला सांगलीतलं मोहित्यांचे वडगाव पटतं. तिथे त्याच वर्षी ठरलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, लहानथोर सगळ्यांचे. पोरं अभ्यासाला बसतात, तेव्हा बापही फोन ठेवतो.

आपल्या मातीतली रीत तर याहून चांगली आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते सगळे निर्णय सर्वसहमतीने घेत आले. एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसायचं, बायांचं ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही, विषय अभ्यासगटात समजून घ्यायचा. फोनचा नियम करायचा असेल तर असा करा. ज्यांच्यासाठी नियम आहे त्या पोरींना सभेत बोलवा, आणि पोरींनी बोलायच्या वेळी पुरुषांनी गप्प बसावं. त्या काय सांगतील हे ऐकून तुम्ही चकित व्हाल. मुलींना रात्री नऊनंतर फोन नको असतो. त्यांना झोप हवी असते. त्यांना अनोळखी पोरांच्या गटात आपला नंबर टाकला जाऊ नये असं हवं असतं. वर्गाच्या गटावर काही पुरुष पालक रात्री नको ते पाठवतात, ते बंद व्हावं असं त्यांना वाटतं. आपण त्यांना विचारतच नाही.

फोटोंबद्दल दोन शब्द. पोरीचे फोटो स्टेटसला ठेवण्यात मोठी माणसंच पुढे असतात. शाळेचा गणवेश, बिल्ल्यावरचं नाव, गावाची पाटी, सगळं एका फोटोत असतं. ठेवायचा तर तिला विचारून ठेवा. तिने नको म्हटलं तर नको. स्वतःच्या फोटोवर नाही म्हणायची सवय तिला घरात लागली, तर बाहेरच्यालाही ती नाही म्हणेल.

यंदा शाळा उघडायच्या आधी, उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगी घरी असतानाच, तीन कामं उरका. तिच्या आधारला कोणता नंबर आहे ते तपासा आणि तो बदलायचा असेल तर केंद्रावर जाऊन बदलून घ्या. १०९८, १९३० आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे आकडे चुलीजवळच्या भिंतीवर खडूने किंवा कोळशाने मोठे लिहा, मायला दिसतील असे. आणि वर सांगितलेलं ते बोलणं, फोन हिसकावणार नाही, शाळा बंद करणार नाही, हे पोरीला आज रात्री, बापाच्या तोंडाने ऐकू द्या.